खोक्याच्या मापाचा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे फुगीर पाठीचा, टेबलभर पसरणारा नव्हे. मी सपाट आहे, बत्तीस इंची आहे आणि भिंतीवर लटकतो. पण हल्ली पाच वर्षांचा टीव्ही म्हणजे म्हाताराच. माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर एक ओरखडा आहे आणि रिमोटचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे. माझा मुक्काम सध्या कोलकात्याजवळच्या बजबजला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका घरात आहे. मध्यंतरी माझ्यावर 'मंद' असा ठपका बसला होता. तो अगदी खोटा होता असं मी म्हणणार नाही, पण त्यामागची गोष्ट तुम्ही ऐकावी अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो, कुणी पाठीला स्क्रू लावत होतं, कुणी तारा जोडत होतं. शेवटी एका बाईंनी माझ्या काचेवरून फडकं फिरवलं आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवलं. जाग आली ती कोलकात्यात, चाँदनी मार्केटातल्या एका दुकानात. माझी बाकीची भावंडं खोक्यांतच राहिली. मला मात्र नमुना म्हणून बाहेर काढलं गेलं.

पहिल्यांदा वीज मिळाली तेव्हा माझ्या पडद्यावर एक प्रश्न उमटला : 'तुम्ही कुठे आहात? दुकानात की घरी?' दुकानातल्या तपनबाबूंनी 'दुकान' हे बटण दाबलं. खरंच होतं ते. मी दुकानातच होतो.

मग आठ महिने मी एकच काम केलं. रंगीत मासे, पोपट आणि कापलेली संत्री दाखवायची. सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत मासे, पोपट, संत्री. दुकानात उभं राहायचं म्हणजे नटावं लागतं. माझ्याकडे येणारं प्रत्येक चित्र मी आधी घासूनपुसून लख्ख करायचो, त्याला रंग चढवायचो आणि मगच लोकांपुढे ठेवायचो. त्यात क्षणभर उशीर व्हायचा, पण माशांना कसली आलीय घाई! येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "वा!" आणि शेजारचा मोठा टीव्ही विकत घ्यायचे.

एका शनिवारी तिघंजण आले. शर्वरी बारा वर्षांची, पाठीवर दप्तर. तिचे बाबा शौनक सेक्टर फाइव्हमध्ये संगणकाच्या कंपनीत होते. त्यांच्या हातात कागद होता. तीन आठवडे इंटरनेट धुंडाळून त्यांनी तो लिहिला होता : फुल एचडी हवा, गेमचं यंत्र जोडायला जागा हवी, आणि किंमत पंधरा हजारांच्या आत. आई कालिंदी गार्डन रीचला रेल्वेच्या सिग्नल खात्यात अधिकारी. त्यांच्या हातात कागद नव्हता, मोजपट्टी होती.

त्याचं कारण मजेशीर होतं. त्यांची नोकरी बदलीची. भुसावळला असताना त्यांनी एका सुताराकडून जुन्या टीव्हीसाठी भक्कम लाकडी खोका करून घेतला होता. त्या खोक्याने तीन बदल्या पाहिल्या. टीव्हीने अखेर मान टाकली, खोका मात्र ठणठणीत राहिला.

"टीव्ही कितीही चांगला असू दे," त्या म्हणाल्या, "खोक्यात मावला पाहिजे."

"अगं कालिंदी, लोक टीव्हीसाठी खोका घेतात," बाबा म्हणाले. "आपण खोक्यासाठी टीव्ही घेतोय."

"पुढच्या बदलीला काच फुटली म्हणजे कळेल."

तपनबाबू मोठ्या टीव्हींकडे हात करकरून थकले. शेवटी आईंनी मोजपट्टी माझ्या अंगाला लावली. "हा बसतो. तीन मिलिमीटर जागा उरते."

तपनबाबूंना तेवढंच हवं होतं. "बौदी, बहुत भालो चीज पकड़ा आपने! पिक्चार देखिए, माछ तो जैसे बाहर कूद पड़ेगा!" बौदी म्हणजे वहिनी. कोलकात्याच्या दुकानात शिरलं की पाच मिनिटांत हे नातं जुळतं. मी नमुन्याचा असल्यामुळे माझी किंमतही उतरवलेली होती. बाबांच्या कागदावरच्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या.

शर्वरीने मात्र दप्तर उघडलं. आत गेमचं यंत्र होतं, वायरीसकट. "बाबा, एकदा लावून बघू या ना. खेळून."

तपनबाबू लगेच तयार झाले. पण बाबांना भारी संकोच. "शरू, चारचौघांत काय खेळत बसायचं? मासे दिसतात ना छान? झालं तर मग." आणि मित्रांनो, खेळण्यासाठी घ्यायचा टीव्ही एकदाही न खेळता घेतला गेला. माशांवर भाळून!

मला त्या वेळी याचं काहीच वाटलं नाही. मला घर मिळत होतं, मी हरखून गेलो होतो.

गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये पहिले दोन दिवस माझं फार कौतुक झालं. शेजारपाजारचे पाहून गेले. तिसऱ्या दिवसापासून शर्वरीचा सराव सुरू झाला आणि तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

दहा महिन्यांपूर्वी, ऐन वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, ती सोलापूरहून इथे आली होती. वर्गात बंगाली बोलणं चालायचं, तिला ते कळायचं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा एकटीच खायची. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या तुतुलने तिला फुटबॉलचा गेम खेळताना पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "बडोदिन की प्रतियोगिता में तू मेरी जोड़ीदार!" बडोदिन म्हणजे नाताळ. त्या सुट्टीत कॉलनीच्या क्लबमध्ये जोडीजोडीने गेमची स्पर्धा होते. शर्वरीला या शहरात मिळालेली ही पहिली मैत्रीण. तिच्यासाठी चांगलं खेळणं म्हणजे काय होतं, ते आता तुम्हीच समजा.

आणि इथे मी होतो. ती बटण दाबायची, तेव्हा मी चित्र घासतपुसत बसलेला असायचो. तिचा खेळाडू लाथ मारायचा तोवर चेंडू पुढे निघून गेलेला असायचा. समोरचा गोल मोकळा असताना चेंडू बाहेर जायचा.

तुतुल आधी हसली. "तू बटन दबाती है, और तेरा खिलाड़ी पहले चाय पीने जाता है!" दुसऱ्या दिवशी ती हसली नाही. गुरुवारी जाताना चप्पल घालत, खाली बघत म्हणाली, "शोर्बोरी, शनिवार तक नाम बदल सकते हैं. मेरा मौसेरा भाई भी खेलता है. तू बुरा मत मानना."

"नहीं मानूँगी," शर्वरी म्हणाली. दार लागलं आणि तिचे डोळे भरून आले.

"हा टीव्ही मंद आहे, बाबा."

"नवाकोरा टीव्ही मंद कसा असेल? कागदावर सगळं बरोबर आहे. तुझा हात बसायचाय अजून."

"म्हणजे मलाच येत नाही! आधी येत होतं ना?"

"बरं बाई, दहा दिवसांत बदलून मिळतो. उद्या परत देऊन येतो, मग तर झालं?"

परत! पुन्हा मासे, पोपट, संत्री! मला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटत होतं. माझं स्वतःचं, आणि त्याहून जास्त त्या पोरीचं. माझ्याच पोटात, यादीच्या तळाशी, 'गेम' नावाची एक सोय होती. ती लावली की मी नटणंमुरडणं सोडून चित्र आलं तसं पुढे देतो. पण टीव्हीला तोंड असून नसल्यासारखंच. दुसऱ्याचं बोलणं दाखवायचं, आपलं नाही.

तेवढ्यात आई कामावरून आल्या. त्यांनी दोघांचंही पूर्ण ऐकून घेतलं, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "कोण चुकतंय ते नंतर. आधी मोजू."

त्यांनी स्टुलावर डबे रचले आणि त्यावर मोबाइल उभा केला. त्याच्या संथ चित्रणात एका सेकंदाची दोनशे चाळीस चित्रं निघतात. शर्वरीचा अंगठा आणि मी, दोघंही एकाच चौकटीत. तिने बटण दाबलं. मग आई चष्मा लावून एकेक चित्र पुढे सरकवत मोजू लागल्या. अंगठा खाली गेल्यापासून खेळाडू हलेपर्यंत एकतीस चित्रं. पुन्हा केलं, एकतीस. तिसऱ्यांदा बत्तीस.

"सेकंदाचा आठवा भाग," त्या म्हणाल्या.

"एवढ्याशाने काय होतं?" बाबांनी विचारलं.

"गोल चुकतो. शौनक, आमच्याकडे एक नियम आहे. सिग्नल उशिरा पडत असेल तर ड्रायव्हरला बोल लावायचा नाही." मग त्या शर्वरीकडे वळल्या. "तुझा अंगठा वेळेवर आहे, शरू. पहिल्यापासून वेळेवर होता."

शर्वरीने नाक पुसलं. ती आईला चिकटून बसली.

नमुन्याच्या टीव्हीचं माहितीपुस्तक दुकानातच कुठेतरी हरवलं होतं. आईंनी माझी सगळी यादी वरून खाली, एकेक ओळ करत तपासली आणि तळाशी त्यांना 'गेम' सापडलं. पुन्हा मोजलं : तेरा! शर्वरीने उडीच मारली. ती खेळायला बसली आणि पाच मिनिटांत दोन गोल.

आणि मित्रांनो, सहाव्या मिनिटाला मी पुन्हा मंद झालो. सगळी सोय आपोआप पुसली गेली, मासे दाखवायचे तेच भडक रंग परत आले. त्यांनी तीनदा लावलं, तीनदा तेच. बाबा म्हणाले, "आता मात्र परतच." मी मनातून खचलो.

पण आई कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणी हात लावला की थोड्या वेळाने जसाच्या तसा होतो. असं कुठे लागतं? दुकानात लागतं! दिवसभर शंभर गिऱ्हाइकं बटणं दाबतात." त्या पुन्हा यादीत शिरल्या आणि आठ महिन्यांपूर्वीचा तो प्रश्न त्यांनी शोधून काढला : दुकान की घर?

उत्तर अजून 'दुकान' असंच होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं हो, की मी घरी आलो आहे!

आईंनी 'घर' दाबलं. माझा सगळा भडकपणा उतरला.

"रंग गेले की," बाबा हळहळले.

"घरात इतकं नटून कोण बसतं?" आई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी शर्वरी धावत खाली गेली आणि तुतुलला हाताला धरून वर घेऊन आली. शनिवारच्या यादीत नाव बदललं नाही.

स्पर्धेचं मी ऐकलेलं सांगतो. क्लबमध्ये पडदा मोठा होता. सामना सुरू व्हायच्या आधीच शर्वरी उठून चिटणीस जयप्रकाशबाबूंना म्हणाली, "अंकल, दो मिनट. पहले मोड देखना है." सगळा हॉल खोळंबला. बाबांनी संकोचून तोंडावर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून बघत राहिले. तिने 'गेम' लावलं आणि मग परत येऊन बसली. अंतिम सामना एका गोलने हरल्या दोघी. बक्षीस म्हणून दोन स्टीलचे डबे मिळाले. पुढे वर्षभर त्या त्याच डब्यांतून शाळेत खाऊ खात होत्या, एकमेकींच्या शेजारी बसून.

चार वर्षं अशी छान गेली. मग बाबांनी त्रेचाळीस इंची टीव्ही आणला आणि मी मागच्या खोलीत गेलो. माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले. कोपऱ्यावरचा ओरखडा तेव्हाचाच, इस्त्रीच्या टेबलाचा. मी तक्रार केली नाही, पण ओला टॉवेल काही कुणाला आवडत नाही.

या वर्षी आईंच्या बदलीचा हुकूम आला, नागपूरला. नवा टीव्ही जुन्या खोक्यात मावेना! आईंनी बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबा मुकाट्याने नवा खोका करायला सांगून आले.

"आणि या जुन्याला?" त्यांनी विचारलं. "भंगारात कितीसे येणार?"

"भंगारात नाही," शर्वरी म्हणाली. "तुतुलकडे."

तुतुलचे बाबा निवृत्त होऊन बजबजला आपल्या घरी राहायला गेले होते. माळ्यावरून लाकडी खोका उतरला. मी आत बसलो, तीन मिलिमीटर जागा उरली. ज्या खोक्यासाठी माझी निवड झाली, त्यातून माझा प्रवास झाला तो एकंदर गार्डन रीच ते बजबज, छोट्या टेम्पोतून. पण काचेला साधा चरा गेला नाही. आईंचं माप ते!

देण्याआधी बाबांनी माझ्यातलं सगळं पुसलं होतं. त्यामुळे तुतुलच्या भिंतीवर वीज येताच मी पहिल्या दिवसासारखा कोरा होतो आणि पडद्यावर तोच जुना प्रश्न उमटला.

"शोर्बोरी, ये क्या पूछ रहा है?" रिमोट हातात धरून तुतुलने विचारलं.

"बाडी," शर्वरी म्हणाली. बाडी म्हणजे घर. ही मुलगी आता बंगाली बोलते, मध्येमध्ये मराठी मिसळून. "बाडी दाब. पहिलं ते दाब."

तुतुलला 'दाब' बरोबर कळलं. तिने दाबलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि लगेच कोणता संघ घ्यायचा यावरून भांडल्या.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, माझ्यावर टॉवेल टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण खरी विनंती दुसरी आहे. नवीन आलेली वस्तू असो की वर्गात नवीन आलेली मुलगी, ती मंद आहे असं म्हणण्याआधी एकदा बघा, ती घरी आली आहे हे तिला कुणी सांगितलं आहे का.

आता थांबतो. आज रविवार आहे. शर्वरी नागपुरातल्या मोठ्या टीव्हीसमोर बसली आहे, इकडे तुतुलने आपलं यंत्र मला जोडून 'गेम' लावलं आहे आणि इंटरनेटवरून सामना सुरू होतोय. तुतुल बटण दाबते आहे. मी वेळेवर आहे.