पाटीवरचं 'सौ.'

मित्रांनो, मी दारावरची पाटी. आता जुनी झाले आहे. शिसवी लाकूड, पितळी अक्षरं. तुम्ही बेल दाबता आणि आत जाता, माझ्याकडे कोण बघतं? पण एकदा एका जजबाईंनी चष्मा पुसून मला निरखलं होतं.

माझा जन्म नागपूरचा. यशोधनने डेन्व्हरहून फोनवर मजकूर सांगितला : 'श्री. यशोधन देवपुजारी, सौ. नीलांबरी देवपुजारी'. त्याच्या आईच्या बॅगेत बसून मी अमेरिकेला आले. मला बघून नीलांबरी हळूच म्हणाली, "अरे, आपलं लग्न कुठे झालंय?"

"पाटीवर झालं की!" यशोधन हसला. "आईला कोर्ट मॅरेज सांगितलंय. आणि कागद कशाला हवाय यार? तू माझी बायकोच आहेस."

तिने मला हळदकुंकू लावलं. दर दसऱ्याला ती मला चिंचेने घासायची, मग मी कशी झळाळायचे! तिथल्या मराठी मंडळात सगळे तिला यशोधनची मिसेस म्हणत, तोही म्हणे. पुढे आई इथेच राहायला आल्या आणि अंथरुणाला खिळल्या. नीलांबरीने लॅबमधली नोकरी सोडून पाच वर्षं त्यांचं सगळं केलं. मग आई गेल्या.

त्यानंतर मला कोणी घासलं नाही. घरात बोलणंच उरलं नव्हतं. तीन वर्षांनी एका सकाळी यशोधन म्हणाला, "हे वर्क होत नाहीये. घर माझ्या नावावर आहे. तू दुसरीकडे शिफ्ट हो."

नीलांबरी कोर्टात गेली. त्याच्या वकिलाने लिहून दिलं, की ती रूममेट होती. चौदा वर्षांची रूममेट! असा संताप आला मला, पण पाटी बोलणार कशी?

डेन्व्हर ज्या राज्यात आहे, तिथे लग्नाचा कागद नसला तरी चालतं. दोघांनी एकमेकांना नवरा-बायको मानलं आणि चारचौघांत तसेच वागले, तर कायदा ते लग्न धरतो. लग्न धरलं तर घरात वाटा आणि पोटगी. नाही धरलं तर नीलांबरी सत्तेचाळिसाव्या वर्षी रस्त्यावर. म्हणून तिने स्क्रू काढून मला कोर्टात नेलं.

तिच्या वकीलबाईंनी मला वर धरलं. "हे 'सौ.' म्हणजे काय?"

"जस्ट रिस्पेक्ट," यशोधन म्हणाला. "नावाआधी लावतात."

"तुमच्या बहिणीचं लग्न झालेलं नाही. मंजुषा ना? तिच्या नावाआधी लावाल?"

माझा जीव टांगणीला लागला. त्याने एक 'हो' म्हटलं असतं, तर सगळं संपलं असतं.

"नाही," तो पुटपुटला. "लग्न झालेल्या बाईलाच लावतात. पण ते आईसाठी होतं! आईला वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगितलं."

आता जजबाईंनी चष्मा पुसला. मला बघितलं, मग त्याला. "आई जाऊन तीन वर्षं होऊन गेली. मग पाटी का काढली नाहीत?"

यशोधनने नीलांबरीकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं असेल, देव जाणे!

"काढावीशी वाटली नाही," तो म्हणाला.

काही आठवड्यांनी निकाल लागला. ते लग्नच होतं. घर विकून दोघांत वाटायचं आणि नीलांबरीला काही वर्षं पोटगी द्यायची. मला परत द्यायची वेळ आली, तेव्हा नीलांबरीने हात पुढे केला नाही. "तूच ने," ती त्याला म्हणाली. "मजकूर तुझा आहे."

तेव्हापासून मी त्याच्या भाड्याच्या खोलीत, एका खोक्यात पडून आहे. परवा त्याने खोकं उघडलं. हातात चिंचेचा गोळा होता. बाकीची अक्षरं सोडून तो 'सौ.' तेवढं घासत बसला. घासता घासता रडला. मला त्याची दयाही आली आणि रागही आला.

मित्रांनो, तुमच्याही दारावर पाटी असेल. तिच्यावरची धूळ आजच पुसा. घरात माणूस आहे तोवर पुसा.