मिरची चौथ्या ओळीत

टक्.

वीज गेली होती. पंखा बंद, मीही बंद. तान्ह्याचा नुकताच डोळा लागला होता आणि मेघा पाळण्याशेजारी भिंतीला टेकून पेंगत होती. अशा गपगार दुपारी माझ्या दारावरची चुंबकाची लाल मिरची सुटली आणि फरशीवर पडली. तान्ह्यानं ओठ हलवले, पण तो उठला नाही. मेघानं मिरची उचलली, ओढणीला पुसली आणि होती तिथं, तिसऱ्या ओळीत, पुन्हा चिकटवली.

संध्याकाळी सात वर्षांची आमू शाळेतून आली. दप्तर टाकलं, चवड्यांवर उभी राहिली आणि तीच मिरची काढून तिनं चौथ्या ओळीत लावली.

मित्रांनो, ती मिरची म्हणजे आमूचे बाबा. आणि मी म्हणजे बजाजनगरातल्या या दोन खोल्यांच्या घरातला जुना, एका दाराचा फ्रिज.

माझा जन्म इथलाच. शहराबाहेरच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून, पोटात फेस भरून आणि पाठीला जाळी बसवून मला उभं केलं. आमूचे आजोबा मोतीराम तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला होते. दिवाळीच्या बोनसमध्ये त्यांनी मला घरी आणलं. टेम्पोतून उतरवताना अख्खी गल्ली जमली होती. आजी केसरबाईंनी माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. उन्हाळ्यात शेजारच्या बाया बर्फ मागायला आल्या, की केसरबाई आधी माझं दार ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि मगच उघडायच्या. तो माझा मानाचा काळ.

त्यांचा मुलगा सम्यक मैदानावरून घामानं निथळत यायचा आणि दार उघडून तसाच बाटली तोंडाला लावायचा. ‘आरं, गिलासात घे की! समदी बाटली उष्टी केली,’ केसरबाई ओरडायच्या. तो बाटली संपवायचा आणि रिकामीच परत ठेवून द्यायचा. बास्केटबॉलनं त्याला जिल्ह्याच्या संघात नेलं, मग राज्याच्या, आणि शेवटी जिथं खेळण्याचा पगार मिळतो त्या व्यावसायिक लीगमध्ये. कॉलेजच्या मुलींच्या संघात खेळणारी मेघा लग्न होऊन या घरात आली. मग माझ्या बर्फाला नवं काम लागलं. सम्यकचा उजवा गुडघा सुजायचा. टॉवेलात बर्फ बांधून मेघा तो शेकायची आणि दर वर्षी बर्फ थोडा जास्त लागायचा. यंदा निघताना त्यानं बूट बांधता बांधता सांगितलं, ‘हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून पोरांना शिकवीन.’

माझेही सांधे आता कुरकुरतात. दाराचं रबर सैल झालंय, एका पायाला गंज चढून तो विटेवर टेकलाय. मधल्या काळात माझ्याकडं कुणी धड बघत नव्हतं. मला भंगारात द्यायचं ठरलंही होतं. सगळे शोरूममध्ये गेले, काचेच्या दाराचा लालचुटूक फ्रिज पसंत पडला. आमूनं खिशातलं चुंबक काढून त्याच्या दारावर लावलं, तर ते सरळ खाली. ‘ह्याला काही चिकटतच नाय! मला नको हा,’ म्हणून तिनं तिथंच फतकल मारलं. अशा रीतीनं मी वाचलो, आणि माझं दार या घराचा गुणफलक झालं.

आता खेळाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. यंदा लीगमध्ये दहा शहरांचे दहा संघ. खेळाडू संघ निवडत नाहीत. संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात. त्यामुळे सम्यक आपल्या गावाच्या संघाऐवजी कोल्हापूरच्या वाट्याला गेला. प्रत्येक संघानं बाकीच्या नवांशी एकेकदा खेळायचं. जो जास्त सामने जिंकेल तो वर. पहिले चार पुढं जातात, बाकीचे सहा घरी.

माझ्या दारावर मकबऱ्याचं चुंबक म्हणजे आपलं छत्रपती संभाजीनगर. ट्रॅक्टर म्हणजे लुधियाना, केळं म्हणजे इंदूर, गॅसवाल्यानं दिलेलं सिलिंडर म्हणजे सुरत. कोल्हापूरला मिरची द्यायची हे आमूनंच ठरवलं होतं. केसरबाईंना ते आवडलं नव्हतं. ‘माझा लेक मिरची व्हय? साखर हाय साखर.’

‘साखरेचं चुंबक नाही ना आजी,’ आमू म्हणाली होती.

साखळी सामने संपत आले तेव्हा मकबरा पहिल्या ओळीत पक्का झाला होता आणि ट्रॅक्टर दुसऱ्या. खाली मिरची, केळं आणि सिलिंडर, तिघांचे पाच-पाच विजय. सुरतचे सगळे सामने झालेले. उरला होता एकच सामना, तोही मिरची आणि केळ्याचा, इंदूरला.

चहाच्या वेळेला मोतीराम माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. चष्मा कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते.

‘सूनबाई, ह्यो जिंकला तर?’

‘जिंकले तर तिसरे, मामा. मग गाठ दुसऱ्या नंबरशी.’

‘अन् पैल्याशी कोण भिडणार?’

‘चौथा.’

‘पैल्यासंगं चवथा? ह्यो कुठला न्याव! पैल्यानं दुसऱ्याशी भिडावं. लहान लेकराला काय धरायचं?’

मेघा हसली. तान्ह्याला खांद्यावर थोपटत तिनं एका बोटानं मकबरा आणि ट्रॅक्टर शेजारी शेजारी सरकवले. ‘हे दोघं आत्ताच भिडले तर एक आत्ताच घरी जाईल. मग शेवटच्या सामन्याला पाहायचं काय? म्हणून जो सगळ्यात वर, त्याला सगळ्यात खालचा देतात. इतके दिवस चांगलं खेळल्याचं ते बक्षीस. शिवाय सामना होतो वरच्याच्या गावात. माणसं आपली, रिंग ओळखीची, प्रवासाचा शीण नाही.’

‘म्हंजी आपल्या आंगनात कुस्ती,’ मोतीरामांना पटलं. मग एकदम त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘अन् हरला तर गं? मग ह्यो सिलिंडर बरुबरीत हाय की. पाच अन् पाच.’

‘बरोबरी झाली की आधी बघतात, दोघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं. सुरतला आपण हरवलंय. म्हणजे आपणच वर. हरले तरी चौथे.’

आमू फरशीवर बसून शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

‘चौथे आले तर पहिल्या नंबरच्या गावात खेळायचं?’

‘हो.’

‘म्हणजे बाबा इथं येणार? गारखेड्याच्या क्रीडा संकुलात?’

‘चौथे आले, तर.’

‘आणि तिसरे आले तर?’

‘लुधियानाला.’

‘लई लांब,’ मोतीराम म्हणाले. ‘तुज्या शाळेसारकं नाय, चालत जायला.’

आमूनं आपल्या बाबांना समोर खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आधीच्या वर्षांत ते दूरच्या संघांकडून खेळले, आणि ती फार लहान होती. यंदा आपल्या शहराशी त्यांचा सामना झाला तो कोल्हापुरात, आणि तेव्हा तान्हा महिन्याचा होता. आता लुधियानापर्यंत त्याला घेऊन जाणं होण्यासारखं नव्हतं. अंतिम सामना तर आधीपासून चेन्नईला ठरलेला. आमूला ठाऊक होते ते मोबाईलमधले बोटाएवढे बाबा. आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष.

ती उठली. शेंगेची टरफलं झटकली. मिरची चौथ्या ओळीत गेली.

केसरबाई खवळल्या. ‘काय गं भवाने! सोताच्या बापाला खाली वढती व्हय?’

‘खाली नाही ओढत, आजी,’ आमू म्हणाली. ‘घरी ओढते.’

केसरबाईंनी माझं दार उघडलं, काहीही न घेता बंद केलं आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

तेव्हापासून ती मिरची दिवसातून कितीदा वरखाली झाली हे मलाच माहीत. मेघा तिसऱ्या ओळीत लावायची, आमू चौथ्या.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सम्यकचा फोन आला. मेघानं फोन देण्याआधी आमूला जवळ ओढलं आणि हळूच सांगितलं, ‘बाबांना हे सांगायचं नाही. खेळायला निघालेल्या माणसाला हर म्हणू नये.’

‘का?’

‘मीही खेळलेय, आमू. तसं ऐकलं की हातात जड होतो बॉल.’

आमूनं फोन घेतला. दात पडल्याचं सांगितलं, तान्हा आता कुशीवर वळतो हे सांगितलं, आजोबांचा चष्मा कपाळावरच होता हेही सांगितलं. मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. ‘बरं,’ म्हणाली आणि फोन परत दिला. खालचा ओठ दातांत धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. आजी-आजोबा विहारात गेले होते, आमू शाळेत. मेघा तान्ह्याचं दुपटं घडी करता करता माझ्यासमोर आली. थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं तिसऱ्या ओळीतली मिरची काढली आणि चौथ्या ओळीत लावली. अगदी सरळ, नीट दाबून. मकबऱ्याकडं पाहिलं, मिरचीकडं पाहिलं. तिच्या तोंडावर असं हसू आलं, की या घरात ती नवी नवरी होऊन आली होती तेव्हाचं मला आठवलं. तेवढ्यात तान्हा रडला. तिनं घाईनं मिरची वर सरकवली आणि पाळण्याकडं धावली.

संध्याकाळचा सामना मी पाहिला नाही, मित्रांनो. मी तोंडं पाहिली. आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती माझ्याच कोपऱ्यात, म्हणून फोन माझ्या डोक्यावर, डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. सगळे माझ्याकडं मान वर करून बसले होते.

‘आरं, त्याला बॉल दे की! मोकळा उभा हाय!’ मोतीराम ओरडले.

‘तुमचं ऐकू जातंय व्हय तिथवर?’ केसरबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच ओरडल्या, ‘ढकललं बगा त्यानं माझ्या लेकराला!’

कोल्हापूर पुढं, मग इंदूर, पुन्हा कोल्हापूर. आमू गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. बाबांनी बास्केट केली की तिचे हात टाळीसाठी उठायचे आणि मधेच थांबायचे. शेवटी कोल्हापूर एका गुणानं मागं होतं, आणि धक्का देऊन पाडल्याबद्दल सम्यकला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे कुणी न अडवता रिंगमध्ये टाकायचे, प्रत्येकाचा एक गुण. घड्याळात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

‘दोन्ही गेले तर जिंकलो,’ मोतीरामांचा आवाज बसला होता.

‘आणि दोन्ही चुकले तर?’ आमूनं विचारलं.



पहिला गेला. ते मला मोतीरामांच्या मुठीवरून कळलं. दुसऱ्याच्या वेळी मी मेघाकडं पाहत होतो. तिचा उजवा हात आपोआप वर आला, मनगट वाकलं, जणू बॉल तिच्याच हातात होता. ते मनगट पुढं सुटलं आणि माझ्या डोक्यावरच्या फोनमधून आरडाओरडा ऐकू आला.

‘गेला! गेला!’ मोतीराम उठून उभे राहिले. केसरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ‘त्या गुडघ्यावर उभा राहून टाकला गं पोरानं.’ मेघा हसत होती, आणि तिचे डोळेही भरले होते. आमू टाळ्या वाजवत होती. मोठ्यानं वाजवत होती, पण आजीकडं बघून बघून.

थोड्या वेळानं सम्यकचा फोन आला. पाठीमागं पोरांचा दंगा चालला होता.

‘आमू, पाहिलंस का गं?’

‘हो बाबा. दोन्ही टाकले तुम्ही.’

‘आता लुधियाना. मग पंधरा दिवसांत येतोच घरी.’

‘खेळायला?’

‘नाही गं राणी. खेळून.’

आमच्यासारख्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगितली, की शेवटी मुलांना काहीतरी विनवायची रीत आहे. माझी विनवणी साधी आहे. सुरीनं बर्फ खरवडू नका, पोटाला भोक पडतं. गरम भांडं तसंच आत ठेवू नका. जुना झाला म्हणून लगेच टाकून देऊ नका, त्याला अजून काय काय चिकटतं ते आधी पाहा. आणि दार उगाच उघडं धरून उभे राहू नका, आतला गारवा निघून जातो.

पण त्या संध्याकाळी मेघा दूध काढायला आली आणि दार उघडं धरून तशीच उभी राहिली, तेव्हा मी कुरकुरलो नाही. दुधाचं पातेलं समोरच होतं. तिला ते दिसत नव्हतं. दाराच्या पलीकडून आमूनं चौथ्या ओळीतली मिरची काढली आणि आपणहून, न सांगता, तिसऱ्या ओळीत लावली. चांगली दाबून. मग दाराच्या कडेवरून डोकं आत घालून तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं.

‘आई, मी काल फोनवर सांगितलं असतं, तर बाबा हरले असते का गं?’