सरासरीची रेघ

वच्छलाबाई पंपाच्या मोटर स्टार्टरचं सर्किट-कार्ड घेऊन तिसऱ्यांदा माझ्या मेहकरच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. मी ते ऑसिलोस्कोपला, विजेचा चढउतार रेघेत दाखवणाऱ्या यंत्राला, जोडलं. स्क्रीनवर पाच व्होल्टची रेघ, सरळ.

"चांगलं आहे, काकू."

"मांगच्या दोन्ही खेपी हेच म्हटलं तू. वावरात मोटर चालता चालता मधातच बंद पडते. वांग्याच्या रोपानं माना टाकल्या. आजचं पानी चुकलं तर रोप गेलं समज."

माझ्यामागे माझी तान्ही अर्पिता विजेच्या पाळण्यात झोपली होती. भाड्याच्या दुकानाला हुक नाही, म्हणून झोळी नाही. पाळण्याची मोटर चालू असली की स्क्रीनवर रेघेभोवती खोट्या काट्यांची झुडपं उगवतात. त्यामुळे ती झाल्यापासून मी स्कोप सरासरीवर ठेवते. तो चौसष्ट रेघा घेतो आणि त्यांची मिळून एक दाखवतो. दर वेळी येतं ते उरतं, कधीमधी येतं ते विरून जातं.

हे काकूंना सांगितलं.

"आमच्या ग्रामसभेवानी," त्या म्हणाल्या. "एकटा बोंबलला तर कोनी ऐकत नाही."

मी कार्डाकडे पाहत राहिले. काकूंची मोटरही कधीमधीच बंद पडत होती.

सरासरी बंद केली. नुसती झुडपं. मग पाळणाही बंद केला. रेघ स्वच्छ झाली आणि अर्पितानं डोळे उघडले. तिच्यात सरासरी नाही. रडते ते पूर्ण रडते.

"आन इकडे," म्हणत काकूंनी तिला मांडीवर घेतलं. "तू तुह्यं पाह्य."

कुठला जोड सैल आहे का ते पाहायला मी पेन्सिलीच्या टोकानं कार्डावर टकटक करत बसले.

"तुही माय टीव्ही पाहून राह्यली," काकू तिला सांगत होत्या. "त्यात एकच रेघ दिसते. तरी पाह्यते."

रेघ एकदम खाली पडली आणि लगेच वर आली. मी स्क्रीन थांबवली. खड्डा होता. भिंगातून पाहिलं, मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेखालचं सोल्डर, जोडाचा डाग, तडकलेलं. ते नव्यानं भरलं, पुन्हा टकटक केली. रेघ हलली नाही. या वेळी खरंच.

"झालं, काकू. न्या."

काकू उठल्या नाहीत. अर्पिता त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून झोपली होती.

"हळू बोल, पोरी."

"अहो, रोपाला पाणी?"

"उन्हात देत नसतात," काकू म्हणाल्या आणि मांडी हलवत राहिल्या. "सांजीनं देईन."