मामांच्या बंदुकीचं माप

"बसतंय की गं ताई! हे बघ, कसं गपकन बसलं!"

मामेभावाने काडतूस मागच्या बाजूने नळीत सरकवलं होतं आणि लढाई जिंकल्यासारखा तो ताईकडे बघत होता. बंदूक जेवणाच्या टेबलावर आडवी पडली होती. तिचं तोंड नेमकं फ्रिजकडे होतं.

"काढ ते आधी," ताई म्हणाली. "मागचा बोल्ट पुढे ढकलून नळी बंद करू नकोस."

"अगं, पण बसलं ना? खोक्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच. अजून काय पाहिजे तुला?"

"दुसऱ्याची कवळीही तोंडात बसते रे. घास चावायला गेलं की कळतं."

हे बोलायचा तिला अधिकार होता. एकतीस वर्षं ती कवळ्याच करत आली होती. दंतवैद्याच्या दवाखान्यात मागे एक खोली होती, तिथे एका खिडकीशी बसून ती लोकांचे दात घडवायची. पुढे खुर्चीत बसणारी माणसं म्हणायची, "डॉक्टरांनी काय झकास दात बसवले!" मागे कुणी बसतं हे त्यांच्या गावीही नसायचं. ताईला त्याचं वाईट वाटत नसे. कधी बसथांब्यावर एखादे आजोबा खो खो हसताना दिसत आणि तिला आपले दात ओळखू येत. मग ती गुपचूप दुसरीकडे बघायची आणि बसमध्ये चढेपर्यंत मनातल्या मनात खूश असायची.

मामा गेले तेव्हा घर आणि गाडी मुलाच्या नावावर झाली. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मृत्युपत्रातल्या शेवटच्या ओळीने मात्र सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. 'शिकारीची बंदूक भाचीला. ती मोजल्याशिवाय बोलत नाही.'

"म्हणजे मी काय, न मोजता बोलतो?" मामेभावाने तेव्हाच विचारलं होतं. सगळ्यांनी चहाचे कप उचलले, आणि ते त्याला जास्त लागलं.

परवाना ताईच्या नावावर व्हायला चार महिने लागले. तोवर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. आज ती सोडवून मामींना दाखवायला म्हणून दोघांनी घरी आणली, आणि लगेच या पठ्ठ्याने वडिलांच्या कपाटातून काडतुसांचं खोकं काढलं. तीन आठवड्यांनी मामांचा वाढदिवस होता. त्याने चाळीस माणसांना जेवायला बोलावलं होतं आणि बाबांना सलामी म्हणून हवेत एक बार काढणार, असं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

"मी आधी ती कारागिराला दाखवणार," ताई म्हणाली.

"दाखव. माझं ऐकलंय कधी तू?"

काडतूस बाहेर निघालं. मामी पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी आता कुठे चष्मा काढून डबीत ठेवला.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याला एका कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे तो स्वतःच मोठ्याने बोलायचा. दुसऱ्या दिवशी ताईने पिशवीतून बंदूक आणि काडतुसांचं खोकं पुढे केलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा बोल्ट मागे ओढला आणि आत करंगळी घालून चाचपलं.

"रिकामी आहे हो," ताई म्हणाली.

"सख्ख्या आईने रिकामी म्हणून हातात दिली ना, तरी बघायचं! आणि तोंड कायम अशा बाजूला, जिथे काही बिघडलं तरी रडायला कुणी नसेल. आणि चापावर बोट शेवटी. अगदी शेवटी."

त्याने नळी उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. "वा! कुणीतरी इमानाने तेल लावलंय." मग चार स्क्रू सोडवून त्याने लाकडी दस्ता बाजूला केला आणि भिंग डोळ्याला लावलं. लाकडाखाली लपलेल्या लोखंडावर बारीक खुणा होत्या. कारखान्याचा छाप, तपासणीचा छाप, अनुक्रमांक. सगळं एका ओळीत, नीटनेटकं. आणि त्यांच्या शेजारी वाकडातिकडा ठोकलेला आणखी एक आकडा.

"हा नंतर कुणीतरी हाताने मारलाय," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे नळीवरचा आकडा खोटा?"

"खोटा नाही, जुना. शाळेच्या दाखल्यासारखा. जन्मली तेव्हा खराच होता. पुढे कुणीतरी काडतुसाचं घर आतून कोरून मोठं केलेलं दिसतंय. किती, ते साचा घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. मी धातू वितळवून ओततो, पण हल्ली हात..." त्याने हात पुढे धरून दाखवला. तो थरथरत होता.

ताईने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी उद्या माझं सामान घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती हिरड्यांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा घेऊन आली. मिस्त्रीने सांगितलं तसा नळीत पुढे चिंधीचा बोळा बसवला, आत तेलाचा हलका हात दिला आणि मग, हवेचा एकही बुडबुडा न राहू देता, लगदा मागून भरला. पाच मिनिटं दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग मिस्त्रीने पुढून गज घालून हळूच ढकललं आणि साचा सुळकन बाहेर आला. गुळगुळीत, धारदार, कुठे एक ओरखडा नाही.

ताईने मोजपट्टी लावली. एकदा, मग वळवून पुन्हा. "खोक्यातल्या काडतुसापेक्षा घर दोन मिलिमीटर लांब आहे. आणि काडतूस निमुळतं होतं त्या खांद्यापाशी अर्धा मिलिमीटर रुंद."

"मागच्या कडेवर अडकतं, म्हणून बसल्यासारखं वाटतं," मिस्त्री म्हणाला. साच्यावरून त्याची नजर हलत नव्हती. "असा साचा मी जन्मात बघितला नाही. तुम्ही काय करता म्हणालात?"

"दात."

"काय?"

"दात! दात करते!" ती ओरडली, आणि रस्त्यावरून जाणारे दोघं थबकून आत बघायला लागले.

मग मिस्त्रीने खोकं पुढे ओढलं. काडतुसं आपापल्या भोकात उलटी उभी होती, फक्त बुडं वर. वीसच्या वीस. त्याने बोट फिरवत फिरवत एका बुडावर थांबवलं. त्याच्या मधोमध ठोका बसल्याचा बारीक खड्डा होता. त्याने ते उपसून काढलं. आत ना गोळी ना दारू, आणि पितळेची नळकांडी एका बाजूने उभी फाटलेली.

"हे याच बंदुकीतून उडवलंय कुणीतरी, घर सैल म्हणून फाटलं. या फटीतून आग मागे येते, थेट डोळ्याकडे. डोळा वाचला असेल तर नशीब म्हणायचं."

ताई स्टुलावर बसली. मामांच्या उजव्या डोळ्याखाली एक खोल, चंद्रकोरीसारखा व्रण होता. रानडुकराने मारलेला. लहानपणी सगळी भावंडं त्या व्रणावर बोट ठेवण्यासाठी रांग लावायची आणि मामा डुकराची गोष्ट सांगायचे. डुक्कर झुडपातून कसं निघालं, त्याचा सुळा केवढा होता, मामा कसे मागे सरकले नाहीत. मामेभाऊ तर ती गोष्ट शाळेत सांगून वर्गाचा मॉनिटर झाला होता.

तो आता गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग चालवत असे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांसाठी ब्रेक मारायचा. ताई त्याच्याकडे गेली तेव्हा एक शिकाऊ बाई नुकत्याच उतरल्या होत्या आणि तो कपाळाचा घाम पुसत होता. ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. आधी तिने साचा दाखवला, मग काडतूस त्याच्या बाजूला धरलं.

"दोन मिलिमीटर," तो म्हणाला. "दोन मिलिमीटरसाठी मी चाळीस लोकांना नाही म्हणून सांगू? मिस्त्री म्हातारा झालाय, ताई. आणि तुला तर मिळालीच आहे बंदूक. आता माझा एक बारही नको तुला?"

ताईने फाटकी नळकांडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि ती कुठे सापडली ते सांगितलं. आणखी काही सांगावं लागलं नाही. त्याने ती फिरवून पाहिली, तोंडाजवळ आणली, फट कुठल्या दिशेला येते ते पाहिलं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या डोळ्याखाली गेला.

"म्हणजे डुक्कर नव्हतंच."

"डुक्कर असेलही. जखम त्याची नव्हती."

त्याने नळकांडी डॅशबोर्डवर ठेवली. "मी परवा बोल्ट लावायला निघालो होतो ना गं," तो म्हणाला. "घरात. आईसमोर."

"हो."

"मला वाटायचं, बाबांना माझ्यावर भरवसा नव्हता."

"त्यांना तुझ्या डोळ्याची काळजी होती, वेड्या."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन तिघं नेमबाजीच्या मैदानावर गेली. योग्य मापाची, कमी दारूची काडतुसं मिस्त्रीने मागवून ठेवली होती. पहिला बार कुणीच हातात धरून काढला नाही. बंदूक लाकडी घोडीवर आवळून बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि तिघं भिंतीआड गेली. दोरी मामेभावाने ओढली. रिकामं काडतूस बाहेर आलं ते अखंड, चकचकीत. मिस्त्रीने भिंगातून त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मान डोलावली. आणखी दोन बार तसेच काढले, मग चष्मे लावून आणि कान झाकून दोघं भावंडं आळीपाळीने मातीच्या बांधासमोर उभी राहिली. भावाची गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. ताईची कागदाला लागलीच नाही, पण धक्क्याने ती दोन पावलं मागे गेली आणि शाळकरी मुलीसारखी हसत सुटली.

"आणि हवेतली सलामी?" मिस्त्रीने विचारलं.

"नको," मामेभाऊ म्हणाला. "वर गेलेली गोळी खाली येते म्हणतात."

दुपारी घर माणसांनी भरलं. जेवणं झाली आणि कुणीतरी म्हणालंच, "होऊन जाऊ दे डुकराची गोष्ट!" मामेभाऊ उभा राहिला. ताईला वाटलं, आता हा डुकराला हत्तीएवढं करणार. पण त्याने खिशातून फाटकी नळकांडी काढली आणि जे घडलं ते सांगितलं, दोन मिलिमीटरसकट. सगळ्यांच्या माना मामींकडे वळल्या.

"मला काय बघताय?" मामी म्हणाल्या. "पट्टी मीच बांधली होती."

"आई! तुला माहीत होतं?"

"सासऱ्यांना खरं कळलं असतं तर त्यांनी बंदूक विहिरीत टाकली असती. आणि हे काय, रडवेले होऊन बसलेले. मग डुक्कर मीच सुचवलं. आधी कोल्हा म्हणाले होते, पण कोल्हा उडी मारून डोळ्यापर्यंत कसा पोचेल?"

हशा इतका उसळला की शेजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. "त्या दिवसानंतर ह्यांनी बंदुकीला नुसतं तेल लावलं हो," मामी म्हणत होत्या, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

गर्दी पांगली तेव्हा मामींनी मुलासमोर हात पसरला. त्याने नळकांडी दिली. त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, आणि मग शेजारची चष्म्याची डबी उघडून ती आत ठेवली. डबीचं झाकण टक्कन लागलं. त्या दिवशी, अगदी दिवे मालवेपर्यंत, त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढला नाही.