डिस्कचं नाव

धम्मदीपाने केबल पुन्हा घट्ट बसवली आणि लॅपटॉपच्या टर्मिनलवर डिस्कचा पत्ता दोनदा वाचून घेतला. एक अक्षर चुकलं असतं, तर डिस्कऐवजी लॅपटॉपच साफ झाला असता. दोन्ही दादाचेच.

"सारं पुसून टाकतं का वं?" उंबऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या लिलाबाईंनी विचारलं.

"आई, दादाचं सारं लॅपटॉपमध्ये घेतलं. फोटो, गाणे, तुया हसन्याचा तो व्हिडिओबी."

उत्कर्षला जाऊन उद्या वर्ष होणार होतं. त्याची डिस्क विहारातल्या अभ्यासिकेला दान द्यायची, असं तिच्या वडिलांनी, शेषरावांनी ठरवलं होतं. पण दादा पक्का लिनक्सवाला आणि अभ्यासिकेत विंडोज. तिथल्या कॉम्प्युटरला त्याच्या डिस्कमधलं काहीच वाचता येईना. म्हणून धम्मदीपा ती विंडोजला चालेल अशी फॉरमॅट करत होती. अकरावीतली पोरगी! किन्हीराजात हे काम तिला एकटीलाच जमत होतं. एरवी तिने ते गावभर सांगितलं असतं.

"बाबा, डिस्कले नाव द्या लागते. काय टाकू?"

शेषरावांनी चष्मा पुसला. "विहारातल्या पंख्यावर आपल्या आबाचं हाये ना, तसंच. कालकथित उत्कर्ष."

शेंग सोलणारा हात थांबला. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागणारा तो शब्द वर्षभरात या घरात कुणी उच्चारला नव्हता. फोटोखाली तशी पट्टीसुद्धा लिलाबाईंनी लावू दिली नव्हती.

"माया पोराच्या नावाले ते चिकटवू नका."

"रीत हाये ना ते."

"मंग रीतच ठेवा. डिस्क देऊ नका."

धम्मदीपाने दोन्ही शब्द टाइप करून पाहिले. आरामात बसले. मग तिने पहिला पुसला.

"बाबा, दोनी नाई मावत. एकच बसते."

"एकच?"

"हो."

शेषराव स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "मंग उत्कर्षच ठेव."

तिने एंटर दाबलं. डिस्कवरचा निळा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. बस्स, इतकंच. लिलाबाईंनी पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर अभ्यासिका सांभाळणाऱ्या सतीशने डिस्क जोडली. स्क्रीनवर नाव उमटलं: उत्कर्ष. लिलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पदराने काच पुसली. काचेवर धूळ नव्हती.

"काका, नुसतंच नाव?" सतीश म्हणाला. "समोर कालकथित टाकून देतो ना. लय जागा हाये यात."

धम्मदीपाचे कान तापले. तिने मान वर केली नाही.

"नाई मावत," शेषराव म्हणाले.

"मावते काका, हे पाहा..."

"नाई मावत रे." त्यांनी माउसवरचा सतीशचा हात हळूच बाजूला केला. "पोरीनं पाह्यलं काल."