मूळ अवस्थेत

धाकट्याने बेस गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही पहिली होती तशी करून दे."

ताईने हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडमध्ये खोचलं. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, केसांना कलप, पण तिच्या तोंडी तो अजून धाकट्याच. बाकी जग त्याला खर्जसम्राट म्हणायचं. कुठल्याशा निवेदकाने उत्साहाच्या भरात ही पदवी त्याला देऊन टाकली होती, आणि धाकट्याने मिळालेली वस्तू परत केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"पहिली म्हणजे कधीची पहिली?"

"अगदी पहिली. विकत आणली होती तशी. वादक संघाच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. खाली पितळी पाटी. खर्जसम्राटांची बेस गिटार, मूळ अवस्थेत, तीस वर्षांत एकदाही न उघडलेली."

"न उघडलेली," ताई म्हणाली.

"ते मी एका मुलाखतीत बोलून गेलो गं. मग सगळे तेच विचारायला लागले, मग मीही तेच सांगत गेलो."

ताईला ती मुलाखत चांगली आठवत होती. रेडिओ याच खोलीत चालू होता. 'तुमच्या आवाजाचं रहस्य काय?' या प्रश्नाला धाकटा पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळत म्हणाला होता, 'काही नाही हो, बोटं आणि देवाची कृपा.' त्या वेळी ताई त्याच गिटारीच्या पाठीत बॅटरीसाठी खाच कोरत होती, आणि तिच्या नाकातोंडात लाकडाचा भुसा गेला होता.

त्या गिटारीत तिने काय केलं नव्हतं! तारांखाली पिकअप असतं, चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचं गुंडाळलेलं वेटोळं. ते तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवतं. धाकट्याच्या गिटारीतलं पिकअप थरथरीबरोबर छतावरच्या दिव्यांची गुणगुणही इमानेइतबारे पाठवायचं. ताई तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिने घरी बसून ती गुणगुण मारणारं दोन वेटोळ्यांचं नवं जोड-पिकअप गुंडाळलं, एकेका वेटोळ्याला आठ हजार फेरे, तोंडाने मोजत. मध्ये धाकटा 'जेवायला काय आहे' म्हणून विचारायला आला आणि सगळं पहिल्यापासून मोजावं लागलं. नंतर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी बदलली, कारण मूळच्या घोडीवर दोन-दोन तारांना मिळून एकच टेकू होता. एक तार सुरात आणावी तर शेजारची रुसायची. मग गिटारीची मानच पिळली गेली, तेव्हा ताईने आत पोलादाच्या दोन सळ्या घालून नवी मान केली. खुंट्या घसरायच्या, त्याही बदलल्या. शेवटी आवाज उचलून धरणारं छोटं सर्किट आलं आणि त्याच्यासाठी ती बॅटरीची खाच. धाकट्याचं म्हणावं असं आता त्यात लाकडाचं धड तेवढं उरलं होतं, आणि खांद्याचा पट्टा.

दुकानात तिला एक वळण लागलेलं होतं. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे खरंच बदललाय हे त्याला दिसतं. ती दर वेळी धाकट्याला जुना भाग द्यायची आणि धाकटा दर वेळी म्हणायचा, "मला काय करायचाय तो? ठेव तुझ्याकडेच." तिने ठेवला होता. एकूण एक, पाकिटात, वर तारीख.

"जुने भाग आहेत ना गं?" धाकट्याने विचारलं. "तू काही टाकत नाहीस."

"आहेत. आणि माझं काम?"

"तुझं काम कुठे जातंय? आपल्या घरात सगळ्यांना माहीतच आहे की."

"घरात," ताई म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं! आणि याला वाटतं, ही गोष्ट घरातल्या चार माणसांत मावते.

पण ती भांडली नाही. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "करते. पण पहिली म्हणजे पहिली. माझा एक स्क्रूसुद्धा ठेवणार नाही. चालेल?"

"पळेल!" धाकटा खूश झाला.

"नेण्याआधी एकदा वाजवून बघ."

"ताई, तीस वर्षं वाजवतोय. आणि तिथे नुसता फोटो काढायचाय."

"मी सांगितलं नाही म्हणू नकोस," ताई म्हणाली. धाकटा तोवर दारात पोचला होता.

उलटं काम करायला सुलट कामापेक्षा जास्त दिवस लागतात. ताईने स्वतः लावलेले सोल्डरचे टाके स्वतःच वितळवले. गुणगुण अडवायला आतून चिकटवलेला तांब्याचा पत्रा सोलून काढला. पाठीतली खाच त्याच जातीच्या लाकडाने अशी बुजवली की तिचं तिलाच बोट फिरवून शोधावं लागलं. पिळलेली मान परत चढवली, जुन्या खुंट्या बसवल्या, जुनं पिकअप जोडलं. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण तिने कामात कसूर केली नाही. त्या भागांकडून जेवढं चांगलं होण्यासारखं होतं तेवढं तिने चांगलं केलं. मुद्दाम बिघडवणं तिच्या हातांना जमलंच नसतं.

आठवडाभरात गिटार तयार झाली आणि धाकटा ती न वाजवताच घेऊन गेला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे स्वतःचे भाग पडले होते: मान, पिकअप, घोडी, खुंट्या, सर्किट. ताई दोन दिवस त्यांच्याकडे नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने कपाटामागे सात-आठ वर्षं सुकत ठेवलेली फळी बाहेर ओढली, करवत काढली आणि धड कापायला घेतलं. हे माप धाकट्याच्या पोटाचं नव्हतं. तिने फळी स्वतःच्या छातीशी धरून पेन्सिलने रेघ मारली. एक खांदा तिला दुखायचा, म्हणून मागची बाजू पोकळ केली, वजन कमी केलं. पॉलिश केलं नाही, नुसतं तेल चोळलं. मग सगळे भाग त्यावर चढवले आणि तपासायच्या तिच्या पद्धतीने वाजवून पाहिले: प्रत्येक तार, मोकळी, मग पहिल्या पडद्यापासून विसाव्यापर्यंत, एकही न गाळता. ही एकच गोष्ट तिला वाजवता येत होती. गाणी वाजवायला ती कधी शिकलीच नव्हती.

समारंभ दुपारी चारला होता. ताई दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसली, दोन्ही गुडघ्यांमध्ये लांब पिशवी उभी धरून. जाता जाता धाकट्याचं लक्ष गेलं.

"हे काय आणलंस?"

"माझं आहे," ताई म्हणाली. का आणलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. घरी एकटं सोडून यायला मन झालं नव्हतं एवढंच.

संघाचे चिटणीस बोलायला उठले आणि त्यांनी धाकट्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. बोटं, कृपा, तीस वर्षांत एकदाही न उघडलेलं वाद्य, सगळं झालं. कपाट उघडंच होतं, पाटीवर फुलं होती. फोटो झाला. आणि मग चिटणिसांना सुचलं, "कपाटात जाण्याआधी एक शेवटची झलक!"

टाळ्या पडल्या. धाकट्याला टाळ्यांना नाही म्हणता येत नसे. त्याने केबल खोचली आणि स्पीकरमधून घूं असा आवाज सभागृहभर पसरला. तो हसला, तारेवर बोट मारलं. पिळलेल्या मानेवर तार पडद्यांना घासून खडखडली. दुसऱ्या सुरावर तीच गत. त्याने खुंटी पिळली, खुंटी घसरली, आणि शेजारची तार जास्तच बेसूर झाली.

"केबल बघा जरा," धाकटा म्हणाला. ध्वनिव्यवस्थावाल्याने केबल बदलली. घूं. स्पीकर बदलला. घूं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

धाकट्याने ताईकडे पाहिलं. कपाळावर घाम, आणि डोळ्यांत तोच भाव, लहानपणी सायकल पंक्चर झाली की घेऊन यायचा तो. आपसूक उठायला निघालेले पाय तिने खुर्चीखाली आवळून धरले. आज उठायचं नाही. आज नाही.

"बिघडलीय की काय?" चिटणिसांनी माईकवर हात ठेवून विचारलं, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"बिघडलेली नाही," ताई जागेवरूनच मोठ्याने म्हणाली. "मूळ अवस्थेत आहे."

माना वळल्या. धाकट्याने माईक हातात घेतला.

"ही माझी मोठी बहीण. हिने मला या गिटारीच्या बाबतीत, म्हणजे वेळोवेळी, बरीच मदत केलेली आहे."

"मदत?" ताई म्हणाली.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, फक्त ती घूं चालू नसती तर. धाकट्याने वाकून केबल उपटली. मग त्याने ताईचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं पूर्ण.

"मदत नाही," तो म्हणाला. "तुम्ही तीस वर्षं जो आवाज ऐकलात तो हिने केला. पिकअप हिचं, मान हिची, घोडी हिची. मी न उघडलेली म्हणायचो ना? चौदा वेळा उघडलीय. मी खोटं बोललो, आणि हिला माहीत होतं मी खोटं बोलतोय, तरी मी दर वेळी हिच्याकडेच घेऊन जायचो."

ताई उठली. गुडघे दुखत होते तरी तिने कुणाचा हात घेतला नाही. मंचावर जाऊन तिने पिशवीची चेन उघडली आणि तेल चोळलेली गिटार बाहेर काढली. धाकट्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले. ताईने रिकामी पिशवी त्याच्या हातांवर ठेवली आणि पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला.

"तू वाजवणार?" तो कुजबुजला. "ताई, तुला एक गाणं येत नाही."

"नाही येत. तू जाऊन बस माझ्या जागेवर."

तो गेला. ताईने केबल खोचली. स्पीकर गप्पच राहिला. त्यात गुणगुण नव्हती, काही नव्हतं. मग तिने सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली, आणि तो आवाज आला. लोकांच्या लग्नांत, कॅसेटींत, रेडिओवर तीस वर्षं वाजलेला तोच आवाज. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ड्रमर "अरे!" म्हणून उभाच राहिला. ताईने पहिला पडदा दाबला, मग दुसरा, मग तिसरा. तिला घाई नव्हती. चार तारा होत्या आणि प्रत्येकीवर वीस पडदे, आणि त्यातला एकही ती गाळणार नव्हती. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, खर्जसम्राट मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसले होते आणि ऐकत होते.