घाबरलेला येशू

अमेरिकेत, जॉर्जियातल्या मेकनच्या ज्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये लव्हेलचा बाप मुख्य डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, होता, तिथेच आज त्याचा पहिला संदेश, म्हणजे प्रवचन. मंडळीला पटला तर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्याचा परवाना, नाहीतर ट्रक चालवणं आहेच. पण परवान्याची धास्ती एकपट, तर बापाची दसपट. तो जे सांगणार होता त्यानं बापाची झाकली मूठ भर चर्चमध्ये उघडी पडणार होती, आणि बापाला विचारायची त्याची हिंमतच झाली नव्हती.

मागच्या खोलीत पाळक गॅडिस यांनी त्याचा टाय सारखा केला. "किती रे हा घाम! लग्नाला उभा राहिलायस का?"

"पाळकसाहेब, मंडळी गप्प बसली तर?"

"तर मेलास. आपल्याकडे गप्प बसून कुणी ऐकतं का? पटलं की 'आमेन' ओरडतात. आणि मंडळीतली ती म्हातारी अर्लीन आजी 'प्रभू, सांभाळ रे त्याला' म्हणाली, की संदेश फसला समजून मुकाट्यानं खाली उतरायचं. मीपण उतरलोय एकदा."

बाहेर ऑर्गन थांबला. पहिल्या बाकावर त्याचा बाप, ओसी टिब्स, काळ्या सुटात, ताठ बसलेला. बायकोला पुरतानाही हा माणूस रडला नव्हता, आणि चर्चमध्ये त्याचं केवढं कौतुक! कौतुक कसलं डोंबलाचं? घरात त्या ताठपणापुढे लव्हेलचा जीव गुदमरत आला होता.

सुरुवात बरी झाली. "आपण येशू आपल्या रंगाचा काढला," भिंतीवरच्या चित्राकडे हात करून तो म्हणाला. "बरं केलं. मार खाणाऱ्यांचा देव मार खाणाऱ्यांसारखाच असणार."

"खरंय!" "बोल, लेकरा, बोल!"

"पण छाती बघा त्याची! पैलवान करून ठेवलाय. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो घामाघूम झाला, देवाला 'हे टाळता आलं तर टाळ' म्हणाला. तो घाबरला होता! आणि आपण पोरांना सांगतो, पुरुषानं घाबरायचं नसतं. मग पोरांनी भीती ठेवायची कुठे?"

एक आमेन आलं नाही. लव्हेलला अजूनही विषय बदलता आला असता, पण तो बोलून गेला.

"मी लहान होतो. पोलिसांनी आमची गाडी अडवली. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्या नुकतं मिसरूड फुटलेल्या गोऱ्या पोलिसाला 'साहेब, साहेब' केलं. मला बापाची लाज वाटली. आज सांगतो, त्या गाडीत येशू होता, आणि तोही घाबरला होता."

"प्रभू, सांभाळ रे त्याला," अर्लीन आजी म्हणाली.

संपलं. ओसी टिब्स उठला. आता हा निघून जाणार आणि पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं लव्हेलला वाटलं.

"अर्धवट सांगू नकोस," ओसी म्हणाला. "माझी पँट ओली झाली होती. तुला दिसू नये म्हणून मी मांडीवर कोट घेतला. तेही सांग."

तो काही बसेना.

लव्हेल खाली उतरला. परवाना त्याच्या ध्यानातही नव्हता. त्यानं बापाचा दंड धरला आणि मंडळीकडे तोंड करून तो त्याच्याशेजारी उभा राहिला.